मोगली आपला, किपलिंग कोणाचा?

(गांवच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी कांहीं व्याख्याता नव्हे. सकाळीं मुलांकडून पाढे म्हणवून घेणारा व दुपारीं खिचडीचे तांदूळ मोजून वहींत मांडणारा मी एक साधा शिक्षक. अध्यापक विद्यालयांत मराठींतून शिकलों, त्याला वीस वर्षें होऊन गेलीं; इंग्रजी पान वाचायचें तर मला शेजारीं शब्दकोश लागतो. असें असतां आज एका इंग्रज लेखकावर बोलावयास उभा राहिलों आहें, कारण या सभेपुढें एक ठराव आहे. वाचनालयांतील 'जंगल बुक' हें पुस्तक कपाटांतून काढून टाकावें, आणि शाळेच्या कब पथकानें त्या पुस्तकांतलीं नांवें घेऊं नयेत, असा तो ठराव. तो आणणारे माझे वैरी नाहींत. त्यांतले दोघे तर माझ्याच हाताखालीं अक्षरें गिरवून मोठे झाले. आणि ठरावाचें मूळ ज्यांच्या शब्दांत आहे ते आबा समोर पहिल्या रांगेंत बसले आहेत. त्यांच्या वयाला व त्यांच्या घराण्याला मी प्रथम नमस्कार करतों.

गोष्ट घडली ती अशी. यंदाच्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आमचीं कबांचीं पोरें मैदानांत गोल करून बसलीं. कब म्हणजे लांडग्याचें पिल्लू. मध्यें मी उभा, म्हणजे त्यांचा 'अकेला'. पोरांनीं ठरल्याप्रमाणें एका सुरांत लांडग्याची आरोळी दिली. टाळ्या पडल्या. मग आबा काठी टेकीत माझ्यापाशीं आले व म्हणाले, "गुरुजी, हीं लेकरं कुणाच्या नांवानं कोल्हेकुई करतात?" मीं हंसून सांगितलें, "आबा, कोल्हेकुई नव्हे, मोगलीच्या लांडग्यांची आरोळी ती." तेव्हां ते म्हणाले, "मोगली राहूं द्या. नातू मोबाईलवर वाचून दाखवीत होता. ज्यानं ही गोष्ट लिहिली त्यानं डायरला पैसे धाडले होते. माझ्या बापानं तीस सालच्या जंगल सत्याग्रहांत पाठीवर लाठ्या खाल्ल्या, आणि आज त्याच जंगलाच्या नांवानं तुम्ही आमच्या पोरांना त्या साहेबाची आरोळी शिकवतां?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. डायर कोण तें मला ठाऊक होतें. दरवर्षीं मुलांना शिकवितों. परंतु डायरला पैसे देणारा आणि मोगली लिहिणारा एकच, हें मला तोंवर कोणीं सांगितलें नव्हतें, आणि मींही कधीं विचारलें नव्हतें. शिक्षकाला याहून मोठी लाज कोणती? त्या दिवसापासून चार महिने मीं जमेल तसें वाचून काढलें. त्यांतून हातीं लागलें तें तुमच्यापुढें ठेवतों.

आधीं माझें स्वतःचें सांगतों, म्हणजे मी पक्षपाती आहें हें तुमच्या ध्यानांत राहील. १९९३ सालीं मी बारा वर्षांचा होतों. दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं मोगलीची चित्रमालिका लागे. ती मुळांत जपानांत झालेली, बावन्न भागांची. आपल्याकडे हिंदींत आली. गाणें गुलजारांचें, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखानाचा आवाज आपल्या मुरुडच्या नाना पाटेकरांचा. आमच्या आळींत दूरदर्शनचा संच एकच, तोही काळापांढरा. एकजण कौलांवर चढून एरियल फिरवी व खालून सारे ओरडत, "आलं, आलं, गेलं!" आमच्या घरीं दोन म्हशी. रविवारीं त्यांना रानांत नेणें माझ्याकडे. मोगली संपल्याशिवाय मी दावें सोडीत नसें, आणि त्याबद्दल बापाच्या हातचा मारही खाल्ला आहे. रानांत गेलों कीं मी मोगली आणि आमची थोरली म्हैस म्हणजे बल्लू. गुराख्याचें पोर एका गोष्टींत राजा असूं शकतें, हें मला कोणत्या धड्यानें सांगितलें नव्हतें, मोगलीनें सांगितलें. म्हणून आबा बोलले तेव्हां मला असें वाटलें, कीं माझ्या लहानपणावरच कोणीं चिखल फेकला.

आतां त्या लेखकाकडे वळूं. रुडयार्ड किपलिंग हा आपल्या मुंबईंत जन्मला, ३० डिसेंबर १८६५ रोजीं. बाप लॉकवुड किपलिंग सर ज. जी. कलाशाळेंत मूर्तिकाम शिकवीत असे. त्या शाळेच्या समोरच क्रॉफर्ड मार्केट आहे. त्याच्या दारावर दगडांत कोरलेले शेतकरी दिसतात, ते याच बापाच्या आराखड्यानें झालेले. आज त्या मंडईला महात्मा जोतीराव फुले यांचें नांव आहे. माल घेऊन मुंबईला गेलांत तर मान वर करून अवश्य पाहा. आपल्यासारख्यांचीं चित्रें दगडांत कोरण्याइतकीं कोणाला तरी कामाचीं वाटलीं होतीं.

या मुलाला वाढविलें तें एका ख्रिस्ती आयेनें आणि मीता नांवाच्या हिंदु नोकरानें. त्यानें म्हातारपणीं लिहून ठेवलें आहे, कीं दुपारीं झोपतांना हीं दोघें गोष्टी सांगत, गाणीं म्हणत. आणि संध्याकाळीं आईबापांपुढें नेतांना बजावीत, कीं आतां इंग्रजींत बोला. म्हणजे त्या पोराची पहिली भाषा नोकरांची, आणि इंग्रजी ही त्याला आठवून आठवून बोलावी लागे. पुढें १८७१ सालीं, सहा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं, त्याला विलायतेस परक्यांच्या घरीं ठेवून आईबाप परत आले. तेथें त्याचे फार हाल झाले. १८८२ सालीं तो लाहोरास एका इंग्रजी वर्तमानपत्रांत नोकरीस लागला, १८८९ सालीं हिंदुस्थान सोडला, आणि 'जंगल बुक' लिहिलें तें अमेरिकेंत, बर्फाच्या मुलुखांत बसून. पहिला भाग १८९४ सालचा, दुसरा १८९५ चा. ज्या सिवनीच्या रानांत मोगली वाढला तें रान लेखकानें स्वतः पाहिलेलें नव्हतें. स्टर्नडेल नांवाच्या साहेबाच्या सिवनीवरील पुस्तकांतून त्यानें माहिती घेतली. अकेला, भालू, हाथी, चील हीं नांवें मात्र आपल्याकडच्या तोंडांतलीं आहेत. 'मोगली' हा शब्द तेवढा त्यानें बनविलेला. तो कोणत्याच भाषेंत नाहीं.

१९०७ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. इंग्रजींत लिहिणाऱ्याला मिळालेलें तें पहिलेंच.

आतां दुसरी बाजू. हा मनुष्य साम्राज्याचा भाट होता, हें आडपडदा न ठेवतां बोललें पाहिजे. १८९९ सालीं अमेरिकेनें फिलिपाईन्स बेटें घशांत घातलीं, तेव्हां त्यानें एक कविता लिहिली. गोऱ्यांनीं इतरांवर राज्य करणें हें जणूं देवानें त्यांच्या पाठीवर दिलेलें ओझें आहे, असा तिचा सूर. आमच्या पाठीवरचें ओझें कोणाचें, हें त्यानें विचारलें नाहीं. शिकलेल्या हिंदी माणसाची त्यानें जागोजाग टवाळी केली. एका गोष्टींत सरहद्दीच्या जिल्ह्यावर बंगाली अधिकारी नेमतात आणि दंगा होतांच तो पळून जातो, असें रंगविलें आहे. आणि १३ एप्रिल १९१९. जालियनवाला बागेंत डायरनें गोळ्या झाडविल्या. सरकारी हिशेबानेंच ३७९ माणसें मेलीं. काँग्रेसच्या चौकशीनें आंकडा याच्या कितीतरी पुढें जातो. पुढल्या वर्षीं डायरला नोकरी सोडावी लागली, तेव्हां विलायतेंतील एका वर्तमानपत्रानें त्याच्यासाठीं वर्गणी काढली. ती २६,००० पौंडांच्या वर गेली. त्यांत किपलिंगचे १० पौंड होते.

दहा पौंड हे त्याच्यासारख्या धनवानाला कांहींच नव्हेत, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं. रक्कम लहान असली म्हणून देणाऱ्याचें मन लहान दिसत नाहीं कीं मोठें दिसत नाहीं. तें जसें आहे तसें दिसतें.

याच माणसाचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धांत १९१५ सालीं लूसच्या लढाईंत, अठरा वर्षांचा असतां, गेला. डोळे अधू म्हणून पलटण त्याला घेत नव्हती. बापानें वशिला लावून त्याला अधिकारी करविला. बाप जिवंत असेतों मुलाचें प्रेत सांपडलें नाहीं. आपलें पोर मातींत गेलें कीं माणूस दुसऱ्याच्या पोराचें दुःख ओळखतो, असें आपण म्हणतों. पांच वर्षांनीं त्यानें डायरला पैसे दिले. तेव्हां तसें नेहमीं होतेंच असें नाहीं.

आतां आबांचा जो खरा घाव आहे, तो जंगलाचा. तो मला सर्वांत जड गेला. १८७८ सालीं सरकारनें जंगलाचा कायदा केला आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गुरांनीं चरलेले डोंगर सरकारजमा होऊं लागले. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत जंगलखात्यानें कुरणें गिळल्याची तक्रार आहे. म्हणजे किपलिंगनें 'जंगलचा कायदा' म्हणून जो गोड करून सांगितला, त्याच्या दहा वर्षें आधीं आपल्या माणसानें खऱ्या जंगलच्या कायद्याचें वर्णन करून ठेवलें होतें. १९३० सालीं बिळाशीला, चिरनेरला लोक या कायद्याविरुद्ध उठले, हें तुम्हांला ठाऊक आहे. पण मला चार महिन्यांपूर्वीं ठाऊक नव्हतें तें सांगतों. त्याच सालीं, ९ ऑक्टोबरला, सिवनी जिल्ह्यांत तुरिया या गांवीं लोकांनीं सरकारी रानांतलें गवत कापलें. गोळी चालली. तीन आदिवासी बाया व एक पुरुष मेला. सिवनी! मोगलीची सिवनी! आज तेथें पेंचचें अभयारण्य आहे, त्याच्या एका दरवाजाचें नांवच तुरिया, आणि वाघ पाहावयास जाणारा प्रवासी मोगलीचें चित्र पाहून आंत शिरतो. त्या चौघांची आठवण त्यांतल्या कितीजणांना असते?

आणखी एक. मोगली मोठा झाल्यावर काय करतो, हें दूरदर्शननें आपल्याला दाखविलें नाहीं. 'जंगल बुक'च्या आधीं, १८९३ सालीं छापलेल्या एका गोष्टींत किपलिंगनें तें सांगून टाकलें आहे. जंगलखात्याचा मोठा साहेब त्याला खात्यांत नोकरी देऊं करतो, पुढें पेन्शनही आहे असें सांगतो, आणि मोगली ती घेतो. ज्याच्यावर कोणाचा हुकूम चालत नव्हता तो शेवटीं फॉरेस्टचा गार्ड होतो. हें वाचलें त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं. बायको म्हणाली, "अहो, गोष्टींतला पोर तो. एवढं काय?" पण तुम्हीं समजून घ्याल.

एवढें सगळें कळल्यावर मीं पुस्तक पुन्हा उघडलें. मराठी भाषांतर, आणि शेजारीं मूळ इंग्रजी. म्हटलें, आतां प्रेमानें वाचायचें नाहीं, पोलिसासारखें वाचायचें.

दोष पुष्कळ सांपडले. सारें पुस्तक हुकूम व आज्ञापालन यांचें गोडवे गातें. मुंगसाची जी गोष्ट मुलांना प्राणापलीकडे आवडते, त्यांत मुंगूस इंग्रजाच्या बंगल्यांत राहून इंग्रजाच्या मुलाला वांचवितो. चांगला हिंदी चाकर कसा असावा याचीच ती गोष्ट आहे असें कोणी म्हटलें, तर मला नाहीं म्हणतां येणार नाहीं. ज्यांना कायदा नाहीं, जे नुसती बडबड करतात, त्या माकडांच्या टोळींत कित्येकांना आपणां हिंदी लोकांचीच थट्टा दिसते. गांवकरी तर सगळे भित्रे, लोभी, भाबडे. मोगलीला माया लावणारी मेसुआ हीच काय ती माणुसकीची. तिला व तिच्या नवऱ्याला गांव चेटके ठरवून बांधून घालतो आणि जाळायला निघतो. त्यांच्या गुरांचे वांटे कसे करायचे याचा गांवकऱ्यांचा हिशेब आधींच तयार असतो.

येथें थांबलें पाहिजे. हें खोटें आहे काय? चेटकीण ठरवून बाईला मारणें व मागाहून तिची जमीन ताब्यांत घेणें, हें आपल्या देशांत होत आलें आहे. महाराष्ट्रांत जादूटोण्याविरुद्ध कायदा करायला २०१३ साल उजाडावें लागलें. वैऱ्यानें दाखविलेला डाग डागच असतो. परंतु त्या डागावर किपलिंग जें औषध सांगतो तें पाहा. मेसुआ पळून जाते ती खानहिवाड्याच्या इंग्रजाकडे. न्याय मिळेल तर साहेबाच्याच दारीं. आमच्यांत न्याय मागणारा कोणी नव्हताच काय? १८७३ सालीं पुण्यांत सत्यशोधक समाज निघाला, तेव्हां किपलिंग सात वर्षांचा होता. पुस्तक लिहिलें तेव्हां त्या समाजाला वीस वर्षें होऊन गेलीं होतीं. साहेबाच्या पुस्तकांत शेतकरी आहे, भट आहे, बाता मारणारा शिकारी आहे. पण विचार करणारा शेतकरी नाहीं. त्याची नजर तेथपर्यंत पोंचली नाहीं.

आतां दुसरें पान सांगतों. त्यासाठींच खरें म्हणजे मी उभा राहिलों.

मोगली गांवांत नुकताच आलेला असतो. माणसामाणसांत जात नांवाची भिंत असते याची त्याला दाद ना फिर्याद. गांवच्या कुंभाराचें गाढव मातीच्या खड्ड्यांत घसरतें. मोगली जातो, शेपूट धरून त्याला ओढून काढतो, आणि बाजाराला न्यायचीं मडकीं कुंभाराला रचूनही देतो. गांवांत हाहाकार! कुंभार हलका, आणि त्याचें गाढव त्याहून हलकें. पुरोहित त्याला दटावतो. मोगली म्हणतो, फार बोललास तर तुलाही गाढवावर बसवीन. मग पुरोहित मेसुआच्या नवऱ्याला सांगतो, कीं या पोराला लवकर कामाला लावा. आणि मोगलीला म्हशींमागें धाडतात.

मंडळी, हें पान मीं तिसरीच्या वर्गांत वाचलें. वर्गांत कुंभाराच्या घरचा एक मुलगा आहे, एरव्हीं तोंड उघडीत नाहीं. तो मागच्या बांकावरून म्हणाला, "गुरुजी, मग तो आमच्या आज्याचं गाढव पण काढंल?" मी काढील म्हणालों. मग त्यानें विचारलें, "आन्‌ आमच्या घरी जेवंल?" मी म्हणालों, "मोगली जेवेल." त्याला तेवढें पुरलें. पण मला पुरलें नाहीं. कारण त्यानें माझ्याविषयीं विचारलें नव्हतें, आणि या शाळेंत आठ वर्षें काढूनही मी त्या घरीं कधीं पाण्याचा घोट घेतला नव्हता. पुढच्या रविवारीं जाऊन चहा घेतला. त्यांत मोठेपणा कांहीं नाहीं; उशीर मात्र आहे.

किपलिंगनें हें पान जात मोडावी म्हणून लिहिलें नाहीं. त्याला ती एक गंमत वाटली. परंतु बियाणें टाकणाऱ्याच्या मनांत काय होतें हें जमीन विचारीत नाहीं. आणि हेंही सांगतों, कीं त्याला गुराखी दिसला होता. म्हशी चिखलांत पडल्यावर पोरें गवताच्या टोपल्या विणून त्यांत नाकतोडे ठेवतात, लाल-काळ्या बियांच्या माळा ओंवतात, दिवस सरतां सरत नाहीं, हें त्यानें असें लिहिलें आहे कीं वाचतांना माझ्या अंगाला चिखलाचा वास आला. आणि तो शेवट! गुरें मारणाऱ्या लंगड्या शेरखानाला बंदूकवाला शिकारी मारीत नाहीं, साहेब मारीत नाहीं. एक गुराखी पोर कळपाचे दोन भाग करतो, घळीच्या दोन्ही तोंडांनीं म्हशी सोडतो, आणि पोट भरून सुस्तावलेला वाघ खुरांखालीं चिरडला जातो. गुरांच्या वैऱ्याचा सूड गुरांकडून. आमच्या लोकांना ही गोष्ट आवडते यांत काय नवल?

हें त्याला कोठून मिळालें? कांहीं डोळ्यांनीं पाहिलेलें, कांहीं पुस्तकांतून, आणि कांहीं त्या आयेकडून व मीताकडून कानांत पडलेलें असणार, असें मी धरून चालतों. जनावरांना बोलावयास लावणें ही आपल्याकडे जातकांची व पंचतंत्राची जुनी चाल. 'जंगलच्या कायद्यां'त आपण इकडून तिकडून उचललेलें पुष्कळ आहे, अशा अर्थाचें त्याचें स्वतःच्या हातचें पत्र आहे. तें २०१३ सालीं विक्रीला निघालें होतें. मग मालकी एकट्या किपलिंगची कशी? सातबाऱ्यावर नांव एकाचें आणि कसणारे पुष्कळ, असला प्रकार आपल्याला नवा नाहीं.

ठराव आणणारे तरुण म्हणतात, "विलायतेंतल्या विद्यार्थ्यांनींसुद्धां त्याला झिडकारलें." खरें आहे. २०१८ सालीं मँचेस्टरच्या विद्यापीठांत भिंतीवर रंगविलेली त्याची कविता विद्यार्थ्यांनीं पुसली व तेथें माया अँजेलो या काळ्या कवयित्रीची कविता लिहिली. मला तें कृत्य आवडलें. भिंत एक असते; तिच्यावर कोणाला मान द्यायचा हें तेथें राहणाऱ्यांनीं ठरवावें. पण कपाट म्हणजे भिंत नव्हे. आपण कपाटांतलें पुस्तक वाचतों, त्याला हार घालीत नाहीं. माझ्या शाळेंत किपलिंगचा फोटो लावा असें कोणी म्हणेल तर मी पहिला विरोध करीन.

दुसरे कांहींजण म्हणतात, "गुरुजी, गोष्ट वेगळी, माणूस वेगळा, मुलांना कशाला सांगायचें?" हें मला त्याहून कमी पटतें. मलाही लहानपणीं कोणीं सांगितलें नाहीं, म्हणून तर २६ जानेवारीला आबांपुढें माझी मान खालीं गेली.

पैशाची गोष्टही पाहावी. किपलिंग १९३६ सालीं मेला. त्याच्या पुस्तकावरचे हक्क संपले. आपण दिलेला रुपया त्याच्या घरीं जात नाहीं. लेखक जिवंत असेल तर हिशेब निराळा होतो. माझी भाची हॅरी पॉटरसाठीं वेडी आहे. त्या पुस्तकांच्या बाई रोलिंग यांच्या तृतीयपंथी लोकांविषयींच्या मतांवरून २०२० पासून मोठा वाद आहे, आणि त्यांच्या पुस्तकाचा पैसा त्यांनाच पोंचतो. भाचीनें मला विचारलें, तेव्हां मी म्हणालों, "बाई, जुनीं पुस्तकें वाच, मैत्रिणीकडून घेऊन वाच, आणि नव्याला पैसे द्यायचे कीं नाहीं हें तुझ्या मनाला विचार." ती म्हणाली, "मामा, तुम्ही पळवाट काढलीत." असेल. तिचें वय सतरा. तिला उत्तर मीं द्यावें असें मला वाटत नाहीं.

कब पथकाचें राहिलें. १९१६ सालीं बेडन-पॉवेल यांनीं लहान मुलांसाठीं हीं पथकें काढलीं, तीं किपलिंगच्या संमतीनें व मोगलीच्या गोष्टीवर उभारून. त्या काळीं आपल्या देशांतल्या स्काउट पथकांत गोऱ्यांच्या मुलांना दार उघडें, हिंदी मुलांना बंद. म्हणजे आरोळीचा उगमही निर्मळ नाहीं. यास्तव मीं मागच्या महिन्यांत पथकाला गोल बसविलें आणि सारें सांगितलें: डायर, दहा पौंड, तुरिया, फॉरेस्ट गार्ड. आबांनाही बोलावलें होतें. ते आले, आणि वडिलांच्या पाठीवरच्या वळांची हकीकत त्यांनीं मुलांना सांगितली. मुलें एवढीं गप्प मीं कधीं पाहिलीं नव्हतीं. मग चौथींतल्या एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तुरियाला गोळी सुटली तेव्हां मोगली कुणाकडून असता?"

मीं उत्तर दिलें नाहीं. त्यांनाच भांडूं दिलें. एक म्हणाला, तो सरकारी नोकर, पगार खातो, तो सरकारकडून. दुसरा म्हणाला, छे, त्यानें म्हशी राखल्या आहेत, गवत कशाला लागतें हें त्याला कळतें. तिसऱ्यानें सांगितलें, कीं तो हाथीला घेऊन आला असता आणि जंगलखात्याची कचेरी तुडवून टाकली असती. यावर आबा हंसले, मीं पाहिलें. आणि ज्यानें प्रश्न विचारला होता तो म्हणाला, "मी आरोळी देणार नाहीं." मी म्हणालों, "नको देऊंस." तो त्या दिवशीं गोलाबाहेर उभा राहिला. पुढल्या आठवड्यांत आपण होऊन आंत येऊन बसला. कां, तें मीं विचारलें नाहीं. दुसरीं दोन मात्र अजून आरोळी देत नाहींत, नुसतीं बसतात. तीं पथकांत आहेत, आणि राहतील.

माझी सूचना अशी आहे. पुस्तक कपाटांत राहावें. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर एक कागद चिकटवावा, आणि त्यावर लेखकाचा जन्म कोठें झाला, त्यानें डायरला काय दिलें, आणि ९ ऑक्टोबर १९३० रोजीं सिवनींत काय घडलें, एवढें मोठ्या अक्षरांत असावें. कागद मीं लिहून आणला आहे. अक्षर शाळेंतल्या एका मुलीचें आहे, माझ्याहून सुरेख. त्याच कपाटांत, त्याच फळीवर, शेजारीं 'शेतकऱ्याचा असूड' ठेवावा. सध्यां तो वरच्या फळीवर आहे आणि मुलांचा हात पोंचत नाहीं. कबांच्या पथकाचीं नांवें तशींच ठेवावीं. ज्याला आरोळी द्यायची नसेल त्यानें देऊं नये, त्याला कोणीं हंसूं नये.

हें ज्यांना मान्य नाहीं त्यांनीं विरुद्ध हात वर करावा. ठराव मंजूर झाला तर मी पुस्तक स्वतः काढून देईन. घरची माझी प्रत मात्र माझ्याकडे राहील, हें आधींच सांगून ठेवतों. मत घेण्यापूर्वीं आबांना चार शब्द बोलावयाचे आहेत. त्यांना उभें राहवत नाहीं, तरी ध्वनिक्षेपक खालीं त्यांच्यापाशीं न्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करून मी बसतों.